प्रवासाचें स्थळ आणि भाषेचा उंबरठा

एप्रिल महिना लागला, मुलांच्या परीक्षा संपत आल्या, कीं शहरांतील पांढरपेशा कुटुंबांत एक प्रश्न दरवर्षीं नेमानें उपस्थित होतो : यंदा कोठें जावयाचें ? घरांतील कर्त्या पुरुषाला थंड हवेचें ठिकाण हवें असतें. आजीचें मन एखाद्या क्षेत्राकडे ओढ घेतें. मुलांना समुद्र तरी पाहिजे किंवा बर्फ तरी. आणि गृहिणी हिशेबाची वही पुढें ओढून पहिलाच प्रश्न विचारते कीं, तेथें जेवणाखाण्याची सोय काय? नकाशा पसरला जातो, दहा नांवें निघतात, आणि दोन-चार दिवसांच्या वादानंतर त्यांतलें एक कायम होतें. तेंच कां कायम झालें, असें विचारल्यास प्रत्येकजण त्या स्थळाचें सौंदर्य वर्णूं लागेल. परंतु जीं नऊ नांवें गळालीं त्यांची चौकशी केली, तर निराळीच हकीकत बाहेर येते. एक फार दूर होतें, एक खर्चाचें होतें, एके ठिकाणीं पावसाची धास्ती होती, एके ठिकाणीं आजीला न झेपणारा चढ होता, आणि निदान दोन-तीन नांवांपुढें एवढेंच उत्तर येतें कीं, "तेथली भाषा आपल्याला समजत नाहीं."

या शेवटच्या उत्तराचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. कारण तें इतकें उघड वाटतें कीं त्यांत विचार करण्यासारखें कांहीं आहे असें मनांतच येत नाहीं. वस्तुतः मनुष्य कोठें जातो आणि कोठें जात नाहीं, याचा बराचसा निर्णय या एका गोष्टीनें होत असतो.

स्वगांवीं जो मनुष्य चारचौघांत शहाणा म्हणून ओळखला जातो, तोच परभाषेच्या मुलखांत मुक्याप्रमाणें खुणा करूं लागतो. गाडी कोणत्या फलाटावर लागणार, रिक्षावाला मागतो तें भाडें वाजवी कीं अवाजवी, ताटांतील आमटींत मासळी आहे कीं नाहीं, रात्रीं मुलाला ताप भरला तर औषधाचें दुकान कोठें, या साध्या गोष्टी विचारतां न येणें ही मोठी लाचारी असते. खर्च व श्रम मनुष्य आनंदानें सोसतो. परंतु स्वतःच्या बायकामुलांसमोर असहाय दिसण्याची पाळी यावी, हें त्याला नको असतें. भाषेच्या भीतींत या मानी स्वभावाचा वांटा पुष्कळ आहे. तो कोणी बोलून दाखवीत नाहीं इतकेंच.

या भीतीला पायऱ्याही आहेत. मराठी मनुष्याचें उदाहरण घेतलें तर मराठी व हिंदी या दोन्ही भाषा देवनागरींत लिहिल्या जातात. त्यामुळें हरिद्वारला किंवा जयपूरला उतरलेल्या मराठी कुटुंबाला हिंदी बोलतां आलें नाहीं तरी दुकानांच्या पाट्या वाचतां येतात. इतकेंच नव्हे, तर काठमांडूस गेल्यावरही, देश परका असूनही, नेपाळी पाटी वाचून निम्म्याअधिक गोष्टींचा बोध होतो. उलट चेन्नईस अथवा मदुरेस गेल्यास देश स्वतःचाच. पण बसवरील अक्षर म्हणजे नुसती नक्षी! कानडी, तेलुगु, तमिळ आणि मलयाळम या चार भाषांच्या लिप्या वेगवेगळ्या असल्यामुळें सुशिक्षित प्रवासीही तेथें क्षणांत निरक्षर होतो. उत्तरेकडील लांबचें स्थळ मराठी कुटुंबाला जवळचें आणि दक्षिणेकडील जवळचें स्थळ दूरचें वाटतें, याचें एक कारण हें आहे. भाषेनें मोजलेलें अंतर आणि मैलांनीं मोजलेलें अंतर हीं दोन निराळीं असतात. विजापूरचा गोलघुमट पाहण्यास जाणें सोलापूरच्या मनुष्याला शेजारच्या आळींत जाण्यासारखें वाटतें. कारण सोलापुरांत मराठीबरोबर कानडी आणि तेलुगु रोज कानांवर पडतच असते. तेंच विजापूर नाशिकच्या कुटुंबाला परक्या मुलखांतलें वाटतें.

असें असेल तर एक शंका येते. ज्या काळीं आगगाडी नव्हती, शाळा नव्हत्या, आणि खेड्यांतील शेंकडा नव्वद लोकांनीं मराठीशिवाय दुसरी भाषा ऐकलेलीही नव्हती, त्या काळीं हजारों मराठी माणसें काशीपर्यंत पायीं कशीं गेलीं ? त्यांना भाषेची भीति वाटली नसेल काय ? वाटली असलीच पाहिजे. पण त्या भीतीचा भार त्यांच्या वतीनें दुसऱ्या कोणीं तरी उचललेला होता.

काशीस उतरलेल्या मराठी यात्रेकरूला शहरांत हिंडून जागा शोधावी लागत नसे. प्रांतवार यजमान वांटून घेतलेले तीर्थोपाध्याय तेथें असत. यात्रेकरूचें गांव व आडनांव कळतांच त्या घराण्याचा उपाध्या पुढें येई, जुन्या वह्या उघडी, आणि त्या घरचा कोणता पुरुष कधीं आला होता तें वाचून दाखवी. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडेही अशा नामावळी आहेत. शेंकडों मैलांवरच्या परक्या शहरांत स्वतःच्या आजोबांचें नांव कोणी वाचून दाखवावें, याहून मोठा धीर तो कोणता ! शिवाय काशींत मराठी वस्तीही दाट होती. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा घाट या भागांत मराठी कुटुंबें पिढ्यान्‌पिढ्या राहत आलीं. अहिल्याबाई होळकर यांनीं १७८० च्या सुमारास विश्वेश्वराचें देऊळ पुन्हां उभारलें. नागपूरकर भोसल्यांचा घाट तेथें आहे, शिंद्यांचा आहे, अहिल्याबाईंच्या नांवाचाही आहे. देवळें आणि घाट यांची पुण्याई सर्वांस दिसते. पण त्यांच्या भोंवतीं जी मराठी बोलणारी आळी उभी राहिली, तिनेंच पुढच्या यात्रेकरूंचा रस्ता सोपा केला, हें सहसा ध्यानांत येत नाहीं.

दक्षिणेकडील टोंकालाही हेंच दिसतें. रामेश्वर तमिळ देशांत, समुद्राच्या कुशींत. पण तेथील मुख्य देवाची पूजा परंपरेनें मूळच्या महाराष्ट्रीय ब्राह्मण घराण्यांकडे चालत आली आहे. वाटेवर तंजावर लागे, आणि तेथें १६७६ पासून १८५५ पर्यंत भोसल्यांची गादी होती. दरबारांत मराठी चाले, मोडी लिहिली जाई. काशीची गंगा रामेश्वराला आणि रामेश्वराची वाळू काशीला नेणारा मराठी यात्रेकरू हिंदुस्थानची दोन टोंकें जोडीत होता खरा; परंतु दोन्ही टोंकांना त्याची मायबोली त्याच्या आधींच जाऊन बसलेली होती.

या गोष्टीचें सर्वांत बोलकें उदाहरण म्हणजे विष्णुभट गोडसे यांचा प्रवास. पेण तालुक्यांतील वरसई गांवचे हे भिक्षुक गृहस्थ. घरावर कर्ज झालेलें. अशा वेळीं ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असून तेथें मोठी दक्षिणा वांटली जाणार आहे, अशी वार्ता कोकणांत येऊन पोंचली. आणि १८५७ सालीं हे आपल्या चुलत्यांसह उत्तरेकडे निघाले. त्यांनीं हीच दिशा कां धरली, याचा उलगडा नकाशावर बोट फिरवल्यास होतो. इंदूर, धार, ग्वाल्हेर, झांशी, ब्रह्मावर्त, काशी अशी मराठी दरबारांची आणि मराठी वस्त्यांची एक माळच तेव्हां उत्तरेंत होती. एका मण्यावरून दुसऱ्या मण्यावर जावें, तेथें ओळखीचा किंवा निदान स्वतःच्या बोलीचा मनुष्य भेटावा, पंक्तीला पान मिळावें, आणि पुढच्या मुक्कामाची माहिती मराठींतच कळावी, असा तो मार्ग होता. दक्षिणेची ओढ आणि कर्जाची चिंता यांनीं त्यांना घराबाहेर काढलें. दिशा मात्र त्या माळेनें ठरविली. पुढें बंडाची धामधूम उसळली, झांशीच्या वेढ्यांत ते सांपडले, लुटले गेले, आणि तरीही काशी-प्रयाग करून गंगेची कावड घेऊन घरीं परतले. ही सर्व हकीकत त्यांनीं १८८३ त लिहिली आणि चिंतामण विनायक वैद्य यांनीं ती १९०७ सालीं प्रसिद्ध केली. 'माझा प्रवास' या नांवानें ती आजही वाचली जाते. गोडसे भटजींना स्वतःच्या भाषेंत निवारा मिळाला. सुरक्षितपणा मात्र मिळाला नाहीं. भाषा दार उघडते, पण दाराआड काय आहे तें ती सांगूं शकत नाहीं.

यावरून एक नियम सांगतां येतो. दोन भाषांमधील दरी कोणीं तरी ओलांडावीच लागते. ती यजमान ओलांडील, मध्यस्थ ओलांडील, किंवा प्रवासी स्वतः ओलांडील. काशीच्या उपाध्यायांनीं यजमान या नात्यानें मराठी आत्मसात् केली. अलीकडच्या काळांत हें काम मध्यस्थानें पत्करलें आहे. १८५३ सालीं मुंबई-ठाणें आगगाडी सुरू झाली, १८७० त मुंबईहून अलाहाबादेपर्यंतचा लोहमार्ग जबलपूरमार्गें जोडला गेला, आणि महिन्यांचा प्रवास दिवसांवर आला. पण वाट आंखडली तशा वाटेवरच्या ओळखीही आटल्या. मुक्कामोमुक्कामीं भेटणारा स्वभाषेचा मनुष्य गाडीच्या डब्यांत मिळेना. ती उणीव यात्रा कंपन्यांनीं भरून काढली. बरोबर मराठी बोलणारा मार्गदर्शक, स्वतःचा आचारी, आणि चाळीस-पन्नास मराठी सोबती घेऊन निघालेली ही मंडळी बद्रीनाथला जावो वा कन्याकुमारीला, सकाळीं पोहे आणि रात्रीं वरणभात कांहीं चुकत नाहीं. या व्यवस्थेला हंसणारे हंसतात. पण जी साठीच्या पुढची विधवा बाई आयुष्यांत एकटी तालुक्याच्या गांवापलीकडे गेली नव्हती, ती या व्यवस्थेमुळेंच हिमालय पाहून आली. तिला कोणाचें तोंड पाहावें लागलें नाहीं, मुलाची रजा मागावी लागली नाहीं. हा लाभ लहान नव्हे. तोटा इतकाच कीं, मध्यस्थ जेथें थांबतो तेथेंच प्रवासीही थांबतो. तो जें दाखवितो तेवढाच देश त्याला दिसतो.

आचाऱ्याचा उल्लेख आला, तो सहज नव्हे. भाषेच्या खालोखाल जी गोष्ट स्थळाची निवड ठरविते ती अन्न होय. आणि बारकाईनें पाहिल्यास अन्नाची चिंता ही पुष्कळशी भाषेचीच चिंता असते. शाकाहारी मनुष्याला परदेशीं भाजी-भाकरी मिळत नाहीं असें नाहीं; "मला हें चालतें, हें चालत नाहीं" हें समजावून सांगतां येत नाहीं, ही त्याची खरी अडचण. दुखणाइताचेंही तसेंच. मधुमेह असलेल्या किंवा हृदयविकाराचें औषध घेणाऱ्या वृद्धाला दूरच्या गांवीं वैद्य भेटणार नाहीं ही भीति थोडी. भेटलेल्या वैद्याला दुखणें सांगतां येणार नाहीं ही अधिक.

कांहीं चिंता मात्र भाषेशीं संबंध नसलेल्या आहेत, आणि त्या तितक्याच बलवान् आहेत. पैसा ही पहिली. दुसरी वेळ. यमुनोत्री व गंगोत्री यांची देवळें अक्षय्य तृतीयेस उघडतात, केदारनाथाचें दार भाऊबीजेस बंद होतें. या मुदतींत मराठी शाळांची मे महिन्याची सुटी नेमकी बसते. म्हणून हिमालयाची यात्रा महाराष्ट्रांतील कुटुंबाच्या पंचांगांत सहज सामावते. त्याच सुटींत राजस्थानांत ऊन आग ओकत असतें, म्हणून तिकडचें जाणें दिवाळीवर ढकललें जातें. तिसरी चिंता शरीराची. गौरीकुंडापासून केदारनाथापर्यंत सुमारें १६ किलोमीटरची चढण आहे आणि देऊळ साडेतीन हजार मीटरांहून अधिक उंचीवर आहे. तेथें श्रद्धेइतकेच गुडघेही विचारांत घ्यावे लागतात. चौथी भीतीची. २२ एप्रिल २०२५ रोजीं पहलगाम येथें प्रवाशांवर जो हल्ला झाला, त्यांत २६ माणसें मारलीं गेलीं. महाराष्ट्रांतील कुटुंबांचाही त्यांत घात झाला. अशा बातमीनंतर सुटीचे बेत रातोरात बदलतात, आणि ते बदलणाऱ्यांना भित्रें म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाहीं.

उलट बाजूनें, मनाची ओढ पुरेशी बळकट असली तर भाषा आडवी येत नाहीं, हेंही तितकेंच खरें. पंढरपूरच्या वाळवंटांत कानडी बोलणारे भाविक पिढ्यान्‌पिढ्या येत आहेत. कर्नाटकांतील गाणगापुराकडे मराठी भक्तांची रीघ कधीं थांबली नाहीं. तेथें कोणी कोणाला भाषा विचारीत नाहीं.

ओढ आणि भाषा यांचा मेळ कसा बसतो, हें पाहावयाचें तर आनंदीबाई जोशी यांच्या निवडीकडे पाहावें. १८६५ सालीं कल्याणला जन्मलेल्या या मुलीला वैद्यक शिकावयाचें होतें. स्वदेशांत स्त्रियांना तें शिकण्यास सोय अपुरी आणि परिस्थिति प्रतिकूल आहे, असें त्यांचें मत होतें. तें त्यांनीं १८८३ सालीं बंगालमधील श्रीरामपूर येथें जाहीर भाषणांत मांडलें. पति गोपाळरावांनीं त्यांना इंग्रजी शिकविलें होतें. तेव्हां इंग्रजी बोलणारे देश तेवढेच त्यांच्या आटोक्यांत होते. त्यांतही अमेरिकाच कां ? गोपाळरावांचें एक पत्र तेथील एका मिशनरी मासिकांत छापलें गेलें, तें न्यू जर्सींतील कार्पेंटर नांवाच्या बाईंच्या वाचनांत आलें, आणि त्यांनीं आपण होऊन पत्रव्यवहार सुरू करून स्वतःच्या घरचें दार उघडें केलें. भाषेनें दोन-तीन देश शक्य केले. त्यांतला एक निवडला तो एका अनोळखी स्त्रीच्या आपुलकीनें. एप्रिल १८८३ मध्यें आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या, आणि १८८६ त फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनीं मिळविली. आहार आणि पोशाख स्वदेशीच ठेवण्याचा त्यांचा निश्चय होता. त्या परक्या हवेंत प्रकृति ढांसळत गेली ती सुधारली नाहीं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांत त्यांचा अंत झाला. परभाषेवर त्यांनीं मात केली होती. थंडीला आणि दुखण्याला मात्र भाषा समजत नाहीं.

प्रवाशांची हीं मनें अर्थशास्त्रज्ञांनींही आपल्या रीतीनें मोजलीं आहेत. दोन ग्रह जितके मोठे व जितके जवळ तितकें त्यांच्यांतील आकर्षण अधिक, हा न्यूटनचा सिद्धांत; त्याच धर्तीवर दोन देशांमधील व्यापाराचें गणित यान टिंबर्गेन या डच पंडितानें १९६२ सालीं मांडलें. पुढें तेंच गणित प्रवाशांना लावण्यांत आलें. देशांची संपत्ति आणि त्यांमधील अंतर यांच्या जोडीला समान भाषा हाही एक आंकडा त्यांत धरतात. या गणिताचें चालतें-बोलतें उदाहरण म्हणजे इटलींतील दक्षिण टिरोल. पहिल्या महायुद्धापर्यंत हा डोंगराळ भाग ऑस्ट्रियाकडे होता. तो इटलीकडे गेला तरी तेथील बहुसंख्य लोक जर्मनच बोलतात. जर्मन प्रवाशांची तेथें जी गर्दी असते, तिचें कारण आल्प्स पर्वत हें तर आहेच. पण इटलीचें ऊन अंगावर घेत जर्मन भाषेंत जेवण मागवितां येतें, हेंही आहे.

आतां खिशांतला दूरध्वनि दुभाष्याचें काम करूं लागला आहे. पाटीसमोर धरला कीं तो तिचा अर्थ सांगतो. मराठींत बोललेलें वाक्य परभाषेंत म्हणून दाखवितो. यामुळें भाषेचा उंबरठा पूर्वीपेक्षां खालीं आला, यांत संशय नाहीं. तरीही तो नाहींसा झालेला नाहीं. यंत्र भाव विचारून देईल; परंतु बाजूच्या बाकावर बसलेली म्हातारी सहज काय बोलली, तें विचारण्याचें प्रवाशाच्या मनांतच येणार नाहीं. आणि डोंगरांत विजेचा वा संदेशाचा पुरवठा खंडित झाला, म्हणजे पुन्हां मनुष्य आणि मनुष्य समोरासमोर उभे राहतात.

अशा वेळीं तिसरा मार्ग उपयोगी पडतो : दरी प्रवाशानें स्वतः थोडीशी ओलांडावी. त्यासाठीं व्याकरण शिकावें लागत नाहीं. पाणी, जेवण, किती, कोठें, नको, पुरे, दवाखाना आणि आभार या अर्थाचे आठ-दहा शब्द आणि एकपासून दहापर्यंतचे आंकडे एवढें एका संध्याकाळीं पाठ होतें. घरांतील मुलांवर हें काम सोंपवावें. तीं तें हौसेनें करतात, आणि प्रवासांत तींच आजीचीं दुभाषी होतात. एवढ्या शब्दांनीं संभाषण होत नाहीं हें खरें. पण ते ऐकतांच समोरच्या मनुष्याची मुद्रा बदलते, आणि उरलेलें काम तो करतो. मदुरेच्या दुकानदाराला हिंदी येत नाहीं म्हणून तक्रार करणारे प्रवासी थोडे नाहींत. काशीचा उपाध्या शतकानुशतकें मराठी शिकत आला, हें त्या वेळीं त्यांना आठवत नाहीं.

म्हणून पुढच्या सुटीचा बेत ठरतांना, जें नांव कायम झालें त्याची तयारी तर करावीच. पण जीं नऊ नांवें गळालीं तीं एका कागदावर लिहून प्रत्येकापुढें कारण मांडावें. जेथें पैसा, प्रकृति किंवा धोका हें कारण असेल तेथें वाद घालूं नये. जेथें मात्र नुसती भाषा हेंच कारण असेल, तें नांव खोडण्यापूर्वीं एक संध्याकाळ त्या दहा शब्दांना द्यावी. कदाचित् आजीच्या मनांतलें, पण तिनें संकोचानें न बोललेलें क्षेत्र त्या खोडलेल्या नांवांतच निघेल.